घरच्या कढईत क्रलर आणि वर मोसमातल्या फळाचं ग्लेझ

क्रलर म्हणजे शू पेस्ट्रीच्या पिठाचं, स्टार नोझलमधून पाडलेलं आणि तेलात तळलेलं कडं. एक्लेअर आणि क्रीम पफ ज्या पिठाचे होतात तेच हे पीठ, फक्त ओव्हनऐवजी कढईत फुलतं. बाहेर पातळ, कुरकुरीत कवच आणि आत ओलसर जाळी. यात यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, सोडाही नाही. फुलवण्याचं सगळं काम पिठातलं पाणी करतं: तेलात पडताच त्याची वाफ होते, ती पिठाला आतून ढकलते आणि अंड्यामुळे ते पीठ फुगलेल्या अवस्थेतच घट्ट होतं. म्हणून हा पदार्थ करताना एकाच गोष्टीवर नजर ठेवायची. पाणी कुठे आहे, किती आहे आणि ते केव्हा बाहेर पडतंय. पीठ, तेल आणि फळ या तिन्ही ठिकाणी हाच प्रश्न येतो.

साहित्य

खालच्या मापात साधारण 7 सेंटिमीटरची 12 कडी होतात.

पाणी 200 मिली
बिनमिठाचं बटर 80 ग्रॅम
मैदा 125 ग्रॅम, चाळून
साखर 2 लहान चमचे
मीठ अर्धा लहान चमचा
अंडी 4 (फोडल्यावर 160 ते 185 ग्रॅम)
तळायला रिफाइंड सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेल, दीड लिटर

वजनकाटा हवाच. वाटीने मोजलेला मैदा दाबून भरला की सैल, यात सहज 20 ग्रॅमचा फरक पडतो आणि या पिठाला तेवढा फरक सोसत नाही. अंड्यांचंही तसंच. गावरान अंडं लहान असतं, पोल्ट्रीचं मोठं. 'चार अंडी' हा अंदाज आहे, खरं माप ग्रॅमचं.

नेहमीचं मिठाचं बटर असेल तर वेगळं मीठ घालू नका. घरचं लोणी शक्यतो टाळा, कारण त्यात ताकाचं पाणी किती राहिलंय ते कळत नाही. त्यापेक्षा साजूक तूप बरं: 80 ग्रॅम बटरऐवजी 65 ग्रॅम तूप घ्या आणि पाणी 15 मिली वाढवा. बटरमध्ये जेवढं पाणी असतं तेवढं असं भरून निघतं.

पाण्याऐवजी दूध घालायचा मोह होतो. एक्लेअरला ते चालतं, इथे नको. क्रलर पाच-सहा मिनिटं तेलात राहतो. दुधातली साखर त्याआधीच करपते आणि आत कच्चं असतानाच बाहेरून तो झाल्यासारखा दिसतो. पिठात साखर कमी आहे तीही त्याच कारणासाठी. गोडवा ग्लेझमधून, म्हणजे वर चढवायच्या साखर-फळाच्या चकचकीत थरातून येणार आहे.

उकड

पहिली पायरी मोदकाच्या उकडीसारखीच आहे, आणि ज्याला उकड जमते त्याचा इथे निम्मा प्रवास झालेला असतो. फरक इतकाच की मोदकाच्या उकडीत ओलावा जपायचा असतो, इथे थोडा घालवायचा असतो.

जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. बटरचे लहान तुकडे करून पाणी, साखर, मीठ यांच्यासोबत मध्यम आचेवर ठेवा. बटर पूर्ण वितळल्यावरच पाण्याला उकळी आली पाहिजे. मोठा तुकडा वितळेपर्यंत पाणी उकळत राहिलं तर ते उडून जातं आणि माप बिघडतं. सगळीकडून खळखळून उकळी आली की गॅस बंद करा, सगळा मैदा एकदम घाला आणि लाकडी उलथन्याने जोरात ढवळा. मैदा थोडा थोडा घातला तर गुठळ्या होतात, त्या पुढे मोडत नाहीत.

कोरडा मैदा दिसेनासा झाला की पुन्हा मंद ते मध्यम आच. आता दोन ते तीन मिनिटं हा गोळा पातेल्यात दाबत, उलटत, फिरवत राहायचं. तळाला पातळ पापुद्रा धरू लागतो, गोळा कडा सोडतो, चकचकीत दिसतो. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या मध्यभागी 75 ते 80 अंश सेल्सिअस. नॉनस्टिक पातेल्यात पापुद्रा धरत नाही, तिथे तापमानावर किंवा घड्याळावर विसंबा. अजून एक खात्रीचा उपाय म्हणजे पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवणं: सुरुवातीला आत साधारण 415 ग्रॅम असतात, परतून झाल्यावर 20 ते 25 ग्रॅम कमी भरायला हवेत.

नवख्यांकडून ही पायरी सर्वांत जास्त घाईत होते. गोळा जमला म्हणजे झालं असं वाटतं. पण इथे जेवढं पाणी जाईल तेवढी जागा पुढे अंड्याला मिळते. ओली राहिलेली उकड दोन अंड्यांतच सैल पडते, मग उरलेलं अंडं घालता येत नाही, आणि अंडं कमी पडलं की तळल्यावर कवच स्वतःचं वजन पेलत नाही, बसतं.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. या कृतीत त्यासाठी काहीही बदलावं लागत नाही.

अंडी

उकड परातीत काढून पसरा आणि पाच-सहा मिनिटं गार होऊ द्या. बोट आत खुपसून आरामात ठेवता आलं पाहिजे. 60 अंशांच्या वर असेल तर अंडं मिसळण्याआधीच शिजायला लागतं आणि पिठात त्याचे बारीक कण दिसतात. उलट, फ्रीजमधली गारेगार अंडीही नकोत. थंडीच्या दिवसांत ती तासभर आधी बाहेर काढून ठेवा.

अंडी एका भांड्यात फेटून घ्या. चार पूर्ण अंड्यांऐवजी तीन पूर्ण आणि चौथ्याचा फक्त पांढरा भाग घेतला तर कवच जास्त कोरडं, कुरकुरीत होतं. तळण्यासाठी आमची पसंती यालाच. अशा वेळी एकूण वजन 170 ग्रॅमच्या आसपास येतं, आणि पीठ घट्टच वाटलं तर बाजूला काढलेल्या पिवळ्यातला चमचाभर घालता येतो.

पाव भाग अंडं घाला आणि ढवळा. पीठ फाटेल, तुकडे तुकडे घसरू लागतील, काहीतरी बिघडलं असं वाटेल. ढवळत राहा, मिनिटाभरात एकजीव होतं. मगच पुढचा भाग. तिसऱ्या भागानंतर मात्र चमच्या-चमच्यानेच घाला आणि दर वेळी बघा. उलथनं वर उचललं की पीठ त्रिकोणी टोक धरून लोंबलं पाहिजे आणि मग तुटून पडलं पाहिजे. सरळ धार लागली तर सैल झालं. उलथन्याला गोळा चिकटून राहिला तर अजून अंडं हवं. एक्लेअरपेक्षा किंचित घट्ट ठेवा, कारण नोझलच्या धारा तेलात टिकायच्या आहेत.

सैल झालेल्या पिठात वरून कोरडा मैदा घालू नका. तो शिजलेला नसतो, त्याच्या गुठळ्या होतात आणि कडं जड होतं. पाव मापाची नवी उकड करा, पूर्ण गार करा आणि सैल पीठ तिच्यात थोडं थोडं मिसळा. कष्ट आहेत, पण दुसरा मार्ग नाही.

कडी पाडणं

10 ते 12 मिलिमीटर तोंडाचं उघडं स्टार नोझल लागतं. केकवर क्रीमची फुलं काढायचं वन-एम घरात असेल तर सुरुवातीला चालून जातं. नोझल, पायपिंग बॅगा, बेकिंग पेपर हे सगळं पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीच्या भागात किंवा केकसामानाच्या कोणत्याही दुकानात मिळतं.

नोझलच्या धारांना काम आहे. गुळगुळीत पाडलेल्या कड्याचं कवच तेलात सगळीकडून एकदम आवळतं, आतल्या वाफेला फुगायला जागा उरत नाही आणि ते फुटतं, कधी कधी गरम तेल उडवत. धारांच्या खाचा उलगडतात आणि वाफेला जागा देतात. म्हणून साध्या गोल तोंडाने किंवा पिशवीचं टोक कापून पाडू नका.

चकलीचा सोऱ्या इथे उपयोगी पडत नाही. हे पीठ चकलीच्या पिठापेक्षा बरंच मऊ असतं, ते बाजूने वर चढतं आणि कडं पाडायला लागणारा ताबा हाताला मिळत नाही.

बेकिंग पेपरचे 9 सेंटिमीटरचे चौकोन कापा आणि प्रत्येकाला तेलाचं बोट लावा. कागद सिलिकॉनचा थर असलेला हवा. 'बटर पेपर' म्हणून विकला जाणारा काही कागद मेणाचा असतो. मेण गरम तेलात वितळतं. घेताना बेकिंगसाठी आहे का ते विचारून, पुडक्यावर वाचून घ्या.

पीठ नोझल लावलेल्या पायपिंग बॅगेत भरा. बॅग सरळ उभी, नोझल कागदापासून सेंटिमीटरभर वर धरून 7 सेंटिमीटर व्यासाचं कडं पाडा. मधलं भोक किमान अडीच सेंटिमीटर ठेवा, तळताना ते आक्रसतं. शेवट सुरुवातीवर सेंटिमीटरभर चढवा आणि ओल्या बोटाने हलकेच दाबा. जोड सैल राहिला तर कडं तेलात उघडून लांबट होतं. मग ताटं 20 ते 30 मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे टाळूच नका, बटर मऊ पडलेलं कडं कागदावरच पसरतं.

तळणं

कढईत तेल 5 ते 6 सेंटिमीटर खोल हवं. जाड लोखंडी कढई उत्तम, ती तापमान धरून ठेवते. घाण्याचं शेंगदाणा तेल चवीला कितीही छान असलं तरी इथे नको. त्याचा वास फळावर मात करतो.

तेल 175 ते 180 अंश. थर्मामीटर घेणं खरंच सोयीचं, पण नसेल तर पिठाचा बोराएवढा गोळा टाकून बघा. तो थोडा खाली जाऊन तीन-चार सेकंदांत वर आला आणि भोवती सारखे बुडबुडे धरले तर तेल तयार. टाकताच वरच्या वर तरंगून लाल झाला तर फार तापलंय, आच बंद करून दोन मिनिटं थांबा.

कडं कागदासकट झाऱ्यावर ठेवा, कागद खाली, आणि झारा तेलात अलगद बुडवा. 15-20 सेकंदांत कागद सुटतो, तो चिमट्याने उचलून काढा. एका वेळी तीनच कडी. जास्त टाकली की तेल गार पडतं आणि 160 अंशांखाली ती तेल पितात.

पहिली बाजू अडीच मिनिटं, उलटून दुसरी अडीच, मग पुन्हा उलटून एखादं मिनिट. उलटल्यावर धारांच्या बाजूने भेगा पडून कडं चांगलं फुगतं, ते योग्यच आहे. आता रंगावर भुलू नका. सोनेरी रंग चार मिनिटांतच येतो, पण तेव्हा आत पाणी भरपूर असतं. खरी खूण बुडबुड्यांची: कड्याभोवतीचा जोराचा फसफसाट मंदावून तुरळक बुडबुडे उरले की पाणी बऱ्यापैकी गेलं. झाऱ्यावर उचलल्यावर कडं हलकं लागलं पाहिजे. रंग गडद सोनेरी, बदामीकडे झुकणारा.

पहिलं कडं एकटंच तळा, बाहेर काढून दोन मिनिटांनी मधोमध कापा आणि आत बघा. ओला, चिकट गोळा असेल तर पुढची कडी 170 अंशांवर मिनिटभर जास्त ठेवा. आत भरीव, पावासारखं असेल तर पिठात अंडं कमी पडलंय. बॅगेतलं पीठ काढून चमचाभर अंडं मिसळता येतं. बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत बसलं तर ते लवकर काढलंय किंवा उकड ओली होती. पहिल्या कारणावर उपाय लगेच होतो, दुसऱ्यावर पुढच्या खेपेला.

तळलेली कडी तारेच्या जाळीवर काढा. टिपकागदावर ठेवली तर खालच्या बाजूची वाफ अडकते आणि तळ मऊ पडतो. वर्तमानपत्र तर नकोच, छपाईची शाई अन्नाला लागते.

फळाचं ग्लेझ

ताज्या फळाचा रस थेट आयसिंग शुगरमध्ये घातला की दोनपैकी एक होतं. चव लागावी इतका रस घातला तर ग्लेझ पाण्यासारखं वाहतं, घट्ट ठेवलं तर फक्त गुलाबी साखर उरते. स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणून गर आधी आटवायचा.

स्ट्रॉबेरी 250 ग्रॅम, देठ काढून, पाणी न घालता मिक्सरमधून फिरवा आणि गाळा. स्टीलच्या पातेल्यात 25 ग्रॅम साखर घालून मध्यम आचेवर 10 ते 12 मिनिटं आटवा. 90 ते 100 ग्रॅम उरला आणि उलथन्याने तळावर ओढलेली रेघ क्षणभर टिकली की उतरवा. अॅल्युमिनियमचं भांडं टाळा, लाल-जांभळ्या फळांचा रंग त्यात मळकट होतो.

आयसिंग शुगर 200 ग्रॅम चाळून घ्या. त्यात गार झालेला गर 50 ग्रॅम, लिंबाचा रस 1 लहान चमचा, चिमूटभर मीठ आणि वितळवलेलं बटर 10 ग्रॅम. लिंबू फक्त आंबटपणासाठी नाही, त्याने लाल रंग उजळतो. बटरने चकाकी येते आणि वाळल्यावर ग्लेझचे टवके उडत नाहीत. घट्ट वाटलं तर गर अर्धा-अर्धा चमचा वाढवा. चमच्यातून सोडलेली धार आठ-दहा सेकंद वर दिसून मग मिसळली पाहिजे. घरी मिक्सरवर दळलेली साखर वापरायची असेल तर 100 ग्रॅमला 1 लहान चमचा कॉर्नफ्लोअर घालून दळा आणि बारीक चाळणीने चाळा, नाहीतर ग्लेझ रवाळ लागतं.

कोणतं फळ, कधी

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मंडईत हिवाळाभर असते. 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं हे फळ ग्लेझला अगदी योग्य आहे, आणि त्यासाठी मोठी, देखणी फळं घेऊ नका. हंगामाच्या शेवटी येणारी लहान, पूर्ण लाल, थोडी मऊ पडलेली स्ट्रॉबेरी स्वस्तही असते आणि चवीला गडदही.

पुरंदरच्या अंजिरांना 2016 मध्ये मानांकन मिळालं. अंजिरात आंबटपणा फार कमी, म्हणून लिंबू दुप्पट. गाळू नका, बारीक बिया छान लागतात. गर मुळातच दाट असल्याने पाच-सहा मिनिटांत आटतो.

हापूसला मात्र उकळवू नका. आमरस दाटच असतो, जास्त शिजवला की ताजा वास जातो. मंद आचेवर तीन-चार मिनिटं, एवढंच. डब्यातल्या गोड आमरसाला वेगळी साखर घालायची नाही. जांभळाचा रंग अप्रतिम येतो, पण तुरटपणा आटवल्यावर वाढतो. त्यात साखर 40 ग्रॅम घ्या आणि फार घट्ट करू नका. करवंदं थोड्या पाण्यात शिजवून गाळून घ्यावीत.

सासवडचं सीताफळ इथे सोडून द्या. त्याचा गर तापवला की कडवट होतो आणि न तापवता घातला तर ग्लेझ वाळत नाही. मोसंबीचा रसही आटवल्यावर कडू लागतो. लिंबूवर्गीय चव हवी असेल तर 35 मिली लिंबाचा रस न आटवता आणि दोन लिंबांची किसलेली साल घ्या. सालीचा पांढरा भाग येऊ देऊ नका.

ग्लेझ चढवणं

कडी तळून सात-आठ मिनिटं झालेली, हाताला कोमट लागणारी असावीत. कढत कड्यावरून ग्लेझ ओघळून जातं, पूर्ण गार कड्यावर जाड, पांढरट थर बसतो. ग्लेझही कोमट हवं, 35 ते 40 अंश. गरम पाण्याच्या भांड्यावर ठेवलं की बराच वेळ तसं राहतं. धारांची बाजू खाली करून कडं ग्लेझमध्ये निम्म्यापर्यंत बुडवा, उचलून थोडं हलवा, जास्तीचं गळू द्या आणि जाळीवर उलटं करून ठेवा.

डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत ते 15 मिनिटांत वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये अर्ध्या तासानेही बोटाला चिकटतं, कारण साखर हवेतला ओलावा ओढते. तेव्हा गर आणखी आटवून 80 ग्रॅमवर आणा, जाळी पंख्याखाली ठेवा आणि वाढण्याच्या जेमतेम आधीच ग्लेझ चढवा. फ्रीजमध्ये वाळवायला ठेवू नका. बाहेर काढताच त्यावर पाणी सुटतं.

अंडं न खाणाऱ्यांसाठी

बिनअंड्याचा क्रलर होत नाही. दही, केळं, जवस यांतलं काहीही अंड्यासारखं फुगलेलं कवच धरून ठेवत नाही. त्याऐवजी चुरो, म्हणजे पिठाच्या तळलेल्या स्पॅनिश कांड्या करा, तो पदार्थ मुळातच अंड्याशिवाय होतो आणि यावरचं ग्लेझ त्यालाही तितकंच शोभतं. 200 मिली पाणी, 1 मोठा चमचा तेल, चिमूटभर मीठ उकळून 150 ग्रॅम मैद्यावर ओता, घट्ट मिसळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. हे पीठ घट्ट असल्याने इथे सोऱ्या कामाला येतो, चांदणीच्याच चकतीसह. भरताना आत हवा राहू देऊ नका आणि 10 सेंटिमीटरच्या सरळ कांड्याच पाडा. 180 अंशांवर तीन-चार मिनिटं. या पिठात वाफ कोंडून फुटण्याचा धोका क्रलरपेक्षा जास्त असतो, म्हणून गुळगुळीत चकती कधीच वापरू नका आणि तळताना कढईपासून थोडं अंतर ठेवा.

उरलं तर

ग्लेझ लावलेला क्रलर तीन-चार तासांत संपवावा, नंतर कवच मऊ पडतं. पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर सकाळी फक्त तळून ठेवा. आयत्या वेळी 160 अंशांच्या ओव्हनमध्ये किंवा एअर फ्रायरमध्ये पाच मिनिटं तापवा, थोडं निवू द्या आणि मग बुडवा. पाडलेली कच्ची कडी कागदासकट फ्रीझरमध्ये कडक करून डब्यात भरली तर दोन आठवडे टिकतात. ती तशीच गोठलेली, वरचं बर्फाचं दव पुसून, 170 अंशांच्या तेलात सोडा आणि एक-दीड मिनिट जास्त तळा. आटवलेला गर मात्र काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, आठवडाभरच.